तो मरायच्या लायकीचा आहे, मान्य. पण मारायचं कोणी?

उंबरठा (धागाकर्ती)

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

काही महिन्यांपूर्वी एका आरोपीला फाशीच व्हावी म्हणून फिरणाऱ्या निवेदनावर मी सही केली. ऑनलाइन सही, दोन सेकंदांचं काम. गुन्हा वाचूनच पोटात ढवळलं होतं, तपशील मुद्दाम देत नाही. परवा निकाल लागला, हवी होती तीच शिक्षा झाली, आणि मला मेसेज आला: 'अभिनंदन! आपल्या प्रयत्नांना यश आलं.' पुढे फटाके फुटतानाचं चित्र.

त्या 'अभिनंदन'पाशी मी अडकलेय.

त्या माणसाची कणव आलीय असं नाही. उद्या अंगावर वीज पडून तो मेला तर मला वाईट वाटणार नाही, उलट हायसंच वाटेल. पण मी वीज नाही. 'त्याला मरण यावं' आणि 'आपण त्याला मारावं' ही दोन वाक्यं मी इतकी वर्षं एकच समजत होते. पहिलं त्याच्याबद्दल आहे. दुसऱ्यात मी आहे, तुम्ही आहात, न्यायाधीश आहेत, पहाटे उठून दोर तपासणारा कोणी पगारी माणूस आहे. पहिलं वाक्य खरं मानलं की दुसरं आपोआप खरं ठरतं का? म्हणजे फाशी कधीतरी न्याय्य असू शकते का? माझं सगळं तिथे अडलंय.

दोन विनंत्या. 'फाशी म्हणजे निव्वळ सूड' एवढंच म्हणून मोकळं होऊ नका, आणि 'मग काय बिर्याणी खायला घालायची का' हेही नको. दोन्ही हजारदा वाचून झालंय.

चकवा

पहिला मी!
ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांनी नीती शिकवू नये. चालू द्या.

खडूफळा

उंबरठा, फोड चांगली केली आहे. पण त्या दोन वाक्यांमधला सांधा तुम्हाला वाटतो तितका कच्चा नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. समजा, एका बेटावरच्या लोकांनी समाज मोडून जगभर पांगायचं ठरवलं. त्यांच्या तुरुंगात शेवटचा एक खुनी उरला आहे. तो आता कोणालाही धोका नाही आणि त्याला मारून कोणावर वचक बसवायचा, तर समाजच उरणार नाही. तरीही, कांट म्हणतो, जाण्याआधी त्याला देहदंड द्यायलाच हवा. नाहीतर त्या खुनाचा दोष त्या सगळ्या लोकांवर राहील.

बहुतेकांना हे वाचून शहारा येतो. मला त्यात आदर दिसतो, आणि तोही त्या खुन्याबद्दलचा. पिसाळलेल्या कुत्र्याला मारतात तेव्हा त्याला कोणी 'शिक्षा' म्हणत नाही. शिक्षा माणसालाच होते, कारण 'हे तू ठरवून केलंस' असं आपण त्याला सांगत असतो. त्याचं बालपण वाईट गेलं, परिस्थिती वाईट होती, सबब तो जबाबदार नाही, असं म्हणणारे दयाळू लोक त्याला नकळत त्या कुत्र्याच्या रांगेत बसवतात.

आणि हे फक्त कांटचं खूळ नव्हे. इंग्रज तत्त्वज्ञ मिल हा त्याच्या अगदी उलट्या पंथाचा, उपयुक्ततावादी, म्हणजे परिणाम बघून बरं-वाईट ठरवणारा. तोही १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत फाशीच्या बाजूने बोलला होता. त्याचं म्हणणं असं की माणसाला जन्मभर सक्तमजुरीत कुजवणं हे झटक्यात मारण्यापेक्षा क्रूर आहे, ते फक्त दिसायला सौम्य दिसतं. जन्मठेपेला 'मानवी' म्हणणाऱ्यांनी मिलला उत्तर द्यावं.

विदाप्रेमी

धागा नीतीचा आहे हे कळतं, तरी 'वचक बसतो' हा मुद्दा कोणीतरी आणणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने तोवरचे बहुतेक सगळे अभ्यास चाळले. निष्कर्ष असा की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीच त्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही, आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत. सबब दोन्हीकडच्या छातीठोक मंडळींनी जरा बसून घ्यावं.

अवांतर: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये २०० हून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी. मग ज्यूरीतले लोक काय करायचे, तर शपथेवर चोरीची किंमत ३९ शिलिंग ठरवायचे. चांगले देवभीरू लोक, बायबलवर हात ठेवून खोटं बोलायचे. मला वाटतं उंबरठा यांना जे 'अडकल्यासारखं' झालंय ते त्या ३९ शिलिंगांत आहे.

उंबरठा

३९ शिलिंग! हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

खडूफळा सर, कुत्र्याचं उदाहरण पटलं. पण जबाबदार धरणं वेगळं आणि संपवणं वेगळं. 'हे तू केलंस' हे वाक्य ऐकायला तो जिवंत तर हवा.

साक्षीपुरावा

वकिली करतो. फाशीच्या दोन प्रकरणांत शिक्षेच्या टप्प्यावर काम केलंय, एवढंच सांगतो.

तत्त्वचर्चेत 'खुनी' नावाचा एक स्वच्छ माणूस असतो. त्याने केलंय हे नक्की, का केलं हेही नक्की. मी ज्या इमारतीत काम करतो तिथे तो माणूस मला अजून भेटलेला नाही.

लंडनमधलं प्रकरण अनेकांनी वाचलं असेल. टिमथी इव्हान्सला १९५० मध्ये स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी फाशी दिलं. सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा जॉन क्रिस्टी. तीन वर्षांनी त्या घरात आणखी प्रेतं सापडली आणि कळलं की अनेक बायकांचा खुनी क्रिस्टीच आहे. इव्हान्सला १९६६ मध्ये माफी मिळाली. कोणाला मिळाली म्हणायची, देव जाणे.

हे जुनं म्हणाल तर जपानचे इवाओ हाकामादा घ्या. १९६६ मध्ये अटक, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा, २०१४ मध्ये सुटका, २०२४ मध्ये निर्दोष. तेव्हा वय ८८. जपानमध्ये कैद्याला फाशीची वेळ त्याच दिवशी सकाळी कळते, म्हणजे कित्येक वर्षं रोजची सकाळ हीच शेवटची असू शकत होती. त्यांना शिक्षा सुनावणाऱ्या तिघांपैकी एका न्यायाधीशाने २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मला तेव्हाही हा निर्दोष वाटत होता, बहुमतापुढे माझं चाललं नाही. निकालपत्र मात्र त्यालाच लिहावं लागलं होतं.

पण मला जास्त छळतं ते वेगळंच. समजा, माणूस दोषीच आहे. तरी कोणता दोषी मरणार हे कशावर ठरतं? आपल्या सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण आहे: तिघं, एकच गुन्हा, वाटा सारखाच. तिघं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाची फाशी जन्मठेपेवर आली. दुसऱ्याची कायम राहिली आणि १९८१ मध्ये त्याला फाशी झाली. तिसऱ्याची ऐन वेळी थांबली, आणि १९८२ मध्ये न्यायालयानेच राष्ट्रपतींना फेरविचार करायला सांगितलं. फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यायची ही कसोटी तोवर, १९८०पासून, लागू झालेली होती बरं का. पुढे २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की १३ कैद्यांची फाशी ज्या निकालांच्या आधारावर उभी आहे ते निकाल न्यायालयाने नंतर स्वतःच चुकीचे ठरवलेत. त्याच चुकीपायी दोघांना १९९६ आणि १९९७ मध्ये फाशी होऊन गेली होती.

एक खासगी आठवण सांगून थांबतो. शिक्षेच्या सुनावणीआधी मी एका अशिलाला विचारलं, "तुझ्याबद्दल चांगलं काय सांगू?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी पोहायला चांगला होतो." मी ते न्यायालयात सांगितलं नाही. कुठल्या मुद्द्याखाली सांगणार? अजून वाटतं, सांगायला हवं होतं.

चकवा

वकीलसाहेब, चुका होतात हा मुद्दा मान्य. पण तो फाशीविरुद्धचा मुद्दाच नाही, तो चुकांविरुद्धचा आहे. धागाकर्तीने विचारलंय 'कधीतरी' न्याय्य असू शकते का. तर चूक नाहीच अशी केस घ्या. नॉर्वे, २०११. ७७ माणसं, बरीचशी बेटावर शिबिराला आलेली पोरं. करणारा स्वतः सांगतो की मीच मारलं, आणि वर त्याला पश्चात्ताप शून्य. तपासात घोळ नाही, गरिबी नाही, जात नाही, वाईट वकील नाही. आता बोला.

विदाप्रेमी

चकवा पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलला. +१

उंबरठा

चकवा, हीच तर मला हवी होती ती केस. नॉर्वेने त्याला २१ वर्षांची अशी कैद दिली की धोका कायम असेल तर ती वाढवत नेता येते. माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती, की हे काय!

पण मग मी आणखी मोठ्या गुन्ह्यांकडे गेले, आणि तिथे काही वेगळंच दिसलं. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये १० जणांना फाशी दिलं, १९६२ मध्ये इस्रायलने ज्यूंच्या नरसंहारातला नाझी अधिकारी आइकमन याला. आइकमनला फाशी देऊ नका म्हणून रदबदली करणाऱ्यांत मार्टिन बूबर हे तत्त्वज्ञ होते. ज्यू माणूस, नाझी जर्मनी सोडून आलेला. त्यांना आइकमनचा पुळका असणं शक्यच नाही. त्यांना भीती अशी होती की या फाशीने बऱ्याच तरुण जर्मनांना प्रायश्चित्त झाल्यासारखं वाटेल, हिशेब मिटला असं वाटेल.

रवांडाचंही तसंच काहीसं. १९९४चा नरसंहार, मग १९९८ मध्ये २२ जणांना लोकांसमोर गोळ्या घातल्या, आणि २००७ मध्ये त्याच देशाने देहदंड रद्द केला. यात व्यवहारही होता, कारण परदेशात सापडलेले आरोपी फाशीच्या भीतीने हवाली केले जात नव्हते. फार उदात्त वगैरे काही नाही. तरी.

म्हणजे गुन्हा वाढत जातो तसा फाशीचा हक्क पक्का होत जातो, असं मला वाटायचं. पण एका टोकापलीकडे एक मान आणि एक दोर हे माप हास्यास्पदच होतं. ७७ च्या बदल्यात एक? कांटच्या तराजूत हे कसं बसतं, सर?

तिसरी घंटा

सगळे कांट, मिल करतायत म्हणून घरचंच सांगते. महाभारतात शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला द्युमत्सेन आणि सत्यवान या बापलेकांचा संवाद सांगतात. राजाच्या हुकमाने काही जणांना वधासाठी नेत असतात. सत्यवान म्हणतो, कधी धर्म अधर्माचं रूप घेतो आणि अधर्म धर्माचं, पण वध हा धर्म होईल असं घडत नाही. राजा म्हणतो, दुष्टांना मारलं नाही तर सगळा गोंधळ माजेल, तुझ्याकडे दुसरा उपाय असेल तर सांग.

सत्यवानाच्या उत्तरातला एक मुद्दा मी कुठल्याच आधुनिक चर्चेत इतका ठळक वाचला नाही. एका दरोडेखोराला मारलंस की तू त्याची बायको, आई, बाप, मुलं यांनाही मारतोस, आणि त्यांनी काहीच केलेलं नसतं.

आणि बापाचं उत्तरही फेकून देण्यासारखं नाही. तो म्हणतो, पूर्वी नुसतं 'धिक्कार' म्हटलं की पुरायचं. मग कडक शब्द लागले, मग दंड घ्यावा लागला, आणि आता वध. म्हणजे फाशी समर्थकाच्या तोंडीच 'हे आपल्या घसरणीचं लक्षण आहे' अशी कबुली.

जाता जाता: जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालली होती तेव्हा बाबासाहेब म्हणाले होते की आपण तर फाशीच रद्द करण्याला जास्त पाठिंबा देऊ. याची आठवण कोणी फारशी काढत नाही.

खडूफळा

उंबरठा, ७७ ला एक हे माप बसत नाही, कबूल. पण ७७ ला २१ वर्षं तरी कुठे बसतं? माप बसत नाही म्हणून मोजूच नये असं होत नाही.

'प्रायश्चित्त' शब्द तुम्ही आणलात ते बरं झालं. आपल्याकडे रामशास्त्र्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला 'देहान्त प्रायश्चित्त' सांगितलं अशी कथा आहे. शब्द बघा, शिक्षा म्हटलेलं नाही. प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं असतं. शास्त्र्यांनी सांगितलं आणि ते पुणं सोडून गेले. राघोबाने काही ते घेतलं नाही! आता यावरून कोणाची बाजू बळकट होते हे मलाच नीट कळत नाहीये, म्हणून नुसतं मांडून ठेवतो.

रात्रपाळी

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या भावाचा खून झाला. करणारा ओळखीतला होता. जन्मठेप झाली.

चकवा, 'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे तुम्ही माझ्या वतीने म्हणताय. नका म्हणू. माझं जळलं, आणि मला काहीही कळलं नाही. पहिली दोन वर्षं मी त्या माणसाला रोज वेगवेगळ्या पद्धतीने मारत होते, मनात. शिक्षा कोणती योग्य हे तेव्हा मला विचारणं म्हणजे तापात फणफणलेल्या माणसाला हवा कशी आहे विचारण्यासारखं.

आणि समोरच्या बाजूला, 'फाशीने नातेवाइकांना समाधान मिळत नाही' हे जे तुमच्याकडचे लोक ठासून सांगतात, तुम्हाला कसं माहीत हो? मला मिळालंही असतं. आजही तो मेल्याची बातमी आली तर मी नीट जेवेन आणि झोपेन. मला सुधारलेलं, क्षमाशील वगैरे माणूस करून तुमच्या युक्तिवादात वापरू नका.

तिसरी घंटा यांनी सत्यवानाचं लिहिलंय म्हणून एकच सांगते. त्या खुन्याची आई तारखांना यायची आणि आमच्या मागच्या बाकावर बसायची. एकदा माझ्या आईला चक्कर आली तर तिने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या आईने ती घेतली आणि प्यायली. मी आईशी दोन दिवस बोलले नाही.

जन्मठेपेच्या निकालानंतर आई म्हणाली, "सुटलो तारखांतून." मला तेव्हा राग आला होता. मग एका कुटुंबाची ओळख झाली, त्यांच्या प्रकरणात फाशी झालीय. अपील, मग वरचं अपील, मग दयेचा अर्ज. दर वेळी बातमी, दर वेळी तोच फोटो. त्यांच्या घरात त्या खुन्याचं नाव त्यांच्या मुलीच्या नावापेक्षा जास्त घेतलं जातं. हे फाशीविरुद्ध म्हणून सांगत नाहीये. बघितलं ते सांगतेय.

संपादक

वरील प्रतिसादाखालचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. सदस्यांच्या दुःखाची उलटतपासणी इथे होणार नाही.

चकवा

रात्रपाळी ताई, माफ करा. माझं मत तेच आहे, पण ते तुमच्या खांद्यावरून बोलायला नको होतं.

साक्षीपुरावा

खडूफळा सर, एक साधा प्रश्न, खवचटपणे नाही. ७७ वाल्याची केस घेऊ, शंका शून्य. खटका तुम्ही ओढाल?

विचारण्याचं कारण आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एकाला गोळ्या घालून देहदंड दिला. पाच बंदूकधारी होते आणि त्यातल्या एकीत रिकामं काडतूस. ते कोणाच्या वाट्याला आलं हे कोणालाच कळू नये अशी सोय. जपानमध्ये अनेक कर्मचारी एकदमच बटणं दाबतात, त्यातल्या एकानेच कैद्याच्या पायाखालची फळी उघडते. कृत्य न्याय्य असेल तर कोणी केलं हे इतकं का लपवावं लागतं?

चकवा

ते लपवणं त्या कर्मचाऱ्यांवरच्या दयेपोटी असतं साहेब. न्याय्य गोष्टही जड असू शकते. मी ओढेन खटका, आणि रिकामी बंदूक मागणार नाही.

खडूफळा

उत्तराला उशीर झाला. 'ओढेन' असं दोनदा लिहून खोडलं.

नाही ओढणार. पण मी शल्यक्रियाही करू शकणार नाही, रक्त बघवत नाही. म्हणून शल्यक्रिया अनैतिक ठरत नाही. इथवर मी खूश होतो. मग लक्षात आलं की शल्यक्रियेला पाच डॉक्टर उभे करून त्यातल्या एकाच्या हातात मुद्दाम खोटी सुरी देत नाहीत. यावर आज माझ्याकडे उत्तर नाही. मी बाजू बदलली असं मात्र कोणी समजू नये. चकवा यांचं 'ओढेन' मला माझ्या 'नाही'पेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, आणि त्याचाच त्रास होतोय.

रात्रपाळी

उंबरठा, तुमच्या त्या 'अभिनंदन'वरून आठवलं. माझ्या भावाच्या वेळीही असं एक निवेदन फिरलं होतं. बारा हजारांवर सह्या होत्या. वर त्याचा फोटो लावलेला, आमच्याकडच्या लग्नातला, कोणीतरी कुठूनतरी उचललेला. करू का म्हणून आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही सही केलीत त्या प्रकरणात घरच्यांना कोणी विचारलं होतं का?

उंबरठा

माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.